मिसरी पळी

चाँदभाई कल्हईवाल्यांनी पळी डोळ्यांजवळ नेली, तिच्या पोटाला उरलेली काजळी अंगठ्यानं पुसली, उजवीकडून डावीकडे एकेक अक्षर लावलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बकूला." त्याबरोबर आमच्याकडे पाठ करून समोरच्या कासाराच्या बांगड्या न्याहाळत उभी असलेली माझी बायको "ओ" म्हणाली. भर बाजारात, मोकळ्या गळ्यानं, विहिरीपलीकडून कुणी हाक मारली आणि अलीकडून ओ दिली, तशी. मग ती वळली. हाक कुणी मारली म्हणून तिनं चाँदभाईंकडे पाहिलं, तर ते पळी उलटीसुलटी करण्यात गुंग होते. मग माझ्याकडे पाहिलं. मी भांड्यांची गोणी पोटाशी धरून उभा होतो. संगमनेरात मी मास्तर आहे, चाळीस पोरांच्या वर्गाला नुसत्या डोळ्यांनी गप्प बसवतो असं माझ्याबद्दल बोलतात. पण त्या घटकेला मी स्वतःच अंगठे धरून उभं राहायच्या लायकीचा झालो होतो. आणि गंमत अशी, की मी घाबरलो होतो आणि त्याच वेळी मला मोठ्यानं हसू येत होतं.

बकुळा हे माझ्या बायकोचं नाव नव्हे. म्हणजे आता नव्हे. आमच्या घरी ती विजया. नऊ वर्षांपूर्वी लग्नात भटजींनी ताटात तांदूळ पसरले, माझ्या हातात सोन्याची अंगठी दिली आणि आईनं आधीच ठरवून ठेवलेलं नाव मी त्या तांदळांवर लिहिलं. तांदूळ जरा सरकले आणि वेलांटी बिघडली म्हणून आत्या हसल्या, एवढंच आठवतं. ताट पुढं कुणी उचललं, त्या तांदळांखाली बकुळा कुठं गेली, हा विचार करण्याइतकी अक्कल तेव्हा मला नव्हती. सगळ्यांच्याच बायकांची नावं बदलतात. आईचंही बदललं होतं. तिला माहेरी काय म्हणत ते मला ठाऊक नव्हतं आणि कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. बरं, विजया हे नाव तरी मी किती वेळा उच्चारलं? एकदाच, पंगतीत, उखाण्यात: प्रवरेच्या काठी जांभळांची दाटी, विजयाचं नाव घेतो वडीलधाऱ्यांसाठी. त्यानंतर आमचा संसार 'अगं' आणि 'ऐकलंस का' यांवर चालला. आईसमोर तेही नाही. मी घसा खाकरला की ती पाणी घेऊन येई, दोनदा खाकरला की चहा.

पहिल्या दिवाळसणाला मी नेवाशाला गेलो होतो, तिच्या माहेरी. ओसरीवर पाट, पाटावर मी, समोर फराळाचं ताट आणि ताटापलीकडे तिचे तीन काका, असा एकूण थाट. मागच्या परसातून तिच्या काकूनं हाक दिली, "बकुळे." लांबून कुठून तरी "ओ" आलं आणि त्या ओच्या पाठोपाठ ती स्वतः धावत आली. ओचा खोचलेला, हातांना ओली राख, केस कपाळावर. धावत आली ती थेट ओसरीच्या उंबऱ्यापर्यंत, आणि मला पाहून थांबली. थांबली म्हणजे काय, माझ्यादेखत विजया झाली. हात पाठीमागं गेले, मान खाली गेली. मी अर्धी चकली तोंडात धरून बसलो होतो, ती चावायचं भान राहिलं नाही. संगमनेरला तिला कुणी हाक मारली की ती हळूच "आले हं" म्हणते, आणि धावत कधीच येत नाही. तो नेवाशाचा ओ मला पुढं कित्येक दिवस मधूनच ऐकू येई, वर्गात फळ्याकडे तोंड असताना, नदीवर आंघोळ करताना. मला तो फार आवडला होता. पण आवडला म्हणून करायचं काय असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आज आम्ही दोघं बाजारात एकत्र आलो तेही आईच्या गुडघ्यामुळं. एरवी वर्षाची कल्हई आई स्वतः करून आणते; चाँदभाईंशी तिचं कथिलावरून भांडण ठरलेलं, आणि ते भांडण झाल्याशिवाय भांडी चकाकत नाहीत अशी दोघांचीही समजूत. यंदा गुडघा सुजला, त्यावर एरंडाची पानं बांधून आई ओटीवर बसली, आमची सहा महिन्यांची मुलगी मांडीवर घेतली आणि म्हणाली, तुम्ही दोघं जा. भांडी तिला मोजता येतात, तुला उचलता येतात. निघालो. मी दहा पावलं पुढं, ती दहा पावलं मागं, ही रीत. वळणावर थांबायचं, ती दिसली की पुन्हा चालायचं. मागं न बघता ती मागं आहे हे ओळखण्याची विद्या आमच्या गल्लीतल्या प्रत्येक नवऱ्याला येते. तंबाखूच्या वखारीवरून गेलो, नाकात झणका आला, ती मागं शिंकली. मी मनात म्हटलं, आहे. आणि गोणीतल्या पातेल्यांच्या तळाशी ती पळी होती, फोडणी घालून घालून चुलीवर काळीठिक्कर पडलेली. ती मला चालताना एकसारखी गुडघ्याला लागत होती.

घरात तिला मिसरी पळी म्हणतात. खरं तर ती पळी नव्हेच. मिसर देशात लोक त्यात कॉफी उकळतात. तांब्याचं अरुंद गळ्याचं भांडं, आतून कल्हई आणि बाजूला हातभर नाही पण वीतभर लांब दांडी. लढाईत मी सप्लाय कंपनीत हवालदार-क्लार्क होतो. बंदूक होती, पण तिच्यापेक्षा टाक जास्त झिजला. त्रेचाळीसच्या थंडीत मला दहा दिवसांची रजा मिळाली आणि कैरो शहर बघायला मिळालं. दहा दिवस! जन्मात मी देव नसलेल्या गावाला नुसतं बघायला म्हणून कधी गेलो नव्हतो. आमच्याकडे माणूस प्रवास करतो तो लग्नाला, मयताला नाही तर देवाला. नुसतं हिंडायचं, खांदे सैल सोडून, कुणाच्या कामाला नाही, हे पहिल्या दिवशी मला पापासारखं वाटलं आणि दुसऱ्या दिवसापासून इतकं आवडलं की मी पहाटेच दाढी करून तयार होऊ लागलो. बरोबर कानिफनाथ होता, आमच्याच कंपनीतला लॉरी ड्रायव्हर, बेलापूरचा. घरी बारा एकर ऊस. तो मला पंत म्हणे, आणि अख्खं कैरो त्यानं बेलापूरच्या मापानं मोजलं. खान-अल-खलिलीच्या बाजारात शिरल्यावर त्यानं गव्हाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, चार दाणे चावले आणि दुकानदाराकडे बघून मान हलवली. दुकानदारानं छातीला हात लावून त्याला उलटा सलाम केला. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं. कालव्याच्या कडेला म्हैस दिसली तेव्हा तर तो चालत्या ट्राममधून उतरला. तिच्या पाठीवरून हात फिरवला, शिंगं बघितली, मागं जाऊन कास बघितली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "पंत, हिला आमच्या आयनं लई जीव लावला आसता," एवढंच म्हणाला.

पिरॅमिड बघायला गेलो तेव्हा मी शाळेत शिकवलेलं सगळं त्याला सांगितलं, राजे, त्यांची मढी, हजारो मजूर. त्यानं सभोवार एक फेरी मारली. त्याच्या बापानं भंडारदऱ्याच्या धरणावर दगड वाहिले होते, त्यामुळं या विषयात तो स्वतःला अधिकारी समजत असे. फेरी मारून आला आणि म्हणाला, "धोंडं झ्याक बसावल्यात. पर पंत, ह्यात पानी कुटं अडावलंय?" मी म्हटलं, यात पाणी नाही. तो बराच वेळ वर बघत राहिला. मग त्याला त्या मजुरांची दया आली आणि त्यानं तिथल्या उंटवाल्यांना आपल्याजवळच्या विड्या वाटून टाकल्या.

पण मी हिंडत होतो तो कानिफनाथबरोबर, असं म्हणणं खोटं होईल. मी तिच्याबरोबर हिंडत होतो. मनात. धन्या-जिऱ्याच्या गल्लीत वास आला की मी म्हणे, बघ, आपल्या माजघरासारखा. पितळेच्या दोन बशा एका हातात खुळखुळवत काळं सरबत विकणारा माणूस आला की म्हणे, बघ, झांजा वाजवतोय आणि कीर्तन नाही. तिच्याशी एवढं मी लग्न झाल्यापासून बोललो नव्हतो. घरी पत्रं जात ती तीर्थरूप आईच्या नावानं. पत्र आधी सेन्सॉर वाचे, मग पोस्टमन अंदाज करी, मग शेजारचे काका मोठ्यानं सगळ्यांना वाचून दाखवत. त्यात तिच्यासाठी काय लिहिणार? शेवटी 'घरातील सर्वांस यथायोग्य'. त्या सर्वांत ती एक. तेव्हा जे काही होतं ते मनातल्या मनात, आणि मनात ती माझ्या मागं दहा पावलं नव्हती, शेजारून चालत होती. हे मला आठव्या दिवशी लक्षात आलं, एका तांबटाच्या गल्लीत, जिथं दोन्ही बाजूंनी हातोड्या चालल्या होत्या आणि बोललेलं ऐकू येत नव्हतं. मी थांबलो आणि ठरवलं, तिच्यासाठी काहीतरी घ्यायचं. आईसाठी नाही, घरासाठी नाही. फक्त तिच्यासाठी.

पांढऱ्या दाढीचा म्हातारा तांबट. त्याच्याकडची ही पळी मी उचलली. त्यानं भाव सांगितला, कानिफनाथनं तो पाडला, हे सगळं यथासांग झालं. मग म्हाताऱ्यानं छोटी छिन्नी दाखवली आणि विचारलं, "नेम? मॅडम नेम?" बायकोचं नाव सांग, कोरून देतो. कान गरम झाले. परक्या मुलखात, परक्या माणसासमोर, ज्याला माझ्या आईचं तोंड या जन्मी दिसणार नव्हतं, त्याच्यासमोर मला माझ्या बायकोचं नाव घेता येईना. म्हाताऱ्याला वाटलं, मला बायकोच नाही. त्याला वाईट वाटलं. तो पळी बांधायला लागला. कानिफनाथ हसून हसून बसकण मारायच्या बेतात होता.

"घ्या की नाव, पंत. हितं कोन तुमची आय बसलीया?" तो म्हणाला. मी नुसती मान हलवली. तर म्हणाला, "मंग उखाना घ्या. उखान्यात चालतंय."

आणि मी घेतला. कैरो शहरात, तांबटांच्या गल्लीत, खाकी हाफपँट घालून, डोळे मिटून मी उखाणा घेतला. सुरुवात जुनीच, कारण दुसरी येत नव्हती; पण प्रवरा तिथं कुठली, म्हणून नदी बदलली. नाईलच्या काठी खजुरांची दाटी, आणि इथं विजया यायला हवी होती, जिभेच्या टोकाशी तीच होती, पण तोंडातून आलं, "बकुळेचं नाव कोरा पळीच्या पाठी." डोळे उघडले तेव्हा मीच चकित झालो होतो. म्हाताऱ्याला ती प्रार्थना वाटली असावी, त्यानं आदरानं मान लववली. कानिफनाथनं त्यातलं नाव वेगळं काढून त्याला दिलं, "बकुळा, बकुळा." म्हातारा ते तोंडात घोळवत "बकूला" म्हणाला आणि छिन्नी चालू लागली. तांब्याचा बारीक कीस उडत होता. मी बघत होतो. चूक झाली असं मला एकदाही वाटलं नाही. दुरुस्त करायला वेळ होता, पण मी मुद्दाम पुढच्या दुकानात बघायला गेलो, म्हणजे तेवढ्यात कोरून होईल. परतताना कानिफनाथनं मात्र मनात किडा सोडला. म्हणाला, काय लिवलंय ते त्यालाच ठावं. 'भाव करू नये' बी लिवलं आसंल. तेव्हापासून मला ती रुखरुख होती. पळीवर माझ्या बायकोचं नाव आहे की नाही, हे मला स्वतःला माहीत नव्हतं.

पंचेचाळीसच्या दिवाळीआधी मी घरी आलो. आमच्याकडे परमुलखातून आलेल्या माणसाची ट्रंक एकट्यानं उघडायची पद्धत नाही. माजघरात सगळे जमले. आईला लोकरी शाल, बहिणीला अत्तराची कुपी, शेजारच्या काकांना चामड्याचं पाकीट, सगळ्यांना खजूर. ती दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. पळी मी तळाशी, कपड्यांत गुंडाळून ठेवली होती, नंतर गुपचूप देण्यासाठी. आईनं कपडे धुवायला म्हणून उचलले आणि पळी खणकन खाली पडली. आईनं ती उचलली, दांडी धरून बघितली. "फोडणीला बरी आहे," म्हणाली, "हात भाजायचा नाही." मी काय म्हणावं? मी "हो" म्हणालो. चार वर्षं लढाई पाहून आलेला माणूस मूग गिळून बसला. ट्रंकेचा तळ दिसेपर्यंत ती दाराशी उभी होती. सगळ्यांची नावं झाली. मग ती चहा टाकायला आत गेली. तिनं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी सांगणं अवघड होतं, आठव्या दिवशी जास्त अवघड, आणि सहा महिन्यांनी तर सांगायला तोंडच उरलं नव्हतं. सांगायचं म्हणजे ते नाव घ्यायचं, आणि कुणी सांगावं, पळीवर 'भाव करू नये' असायचं. सव्वा वर्ष ती रोज दोन वेळा त्याच पळीत मोहरी तडतडवते आणि मला वाढते, आणि सव्वा वर्ष तिची समजूत अशी आहे की नवरा एवढ्या लांब जाऊन आला, गावाला खजूर वाटले, आणि आपल्यासाठी त्याला काही आणावंसं वाटलं नाही. आमटीचा प्रत्येक घास मला हे सांगत असे.

"मास्तर," चाँदभाई म्हणाले, "ह्याच्यावर तर नाव लिहिलंय. मशिदीत शिकलो तेवढं वाचता येतं मला. बकूला. कुणाची पळी म्हणायची ही?"

ती आता अगदी जवळ येऊन उभी होती. भट्टीच्या उजेडात तिचं तोंड तांबूस दिसत होतं, आणि चेहरा विजयाचा नव्हता. राखेनं भरलेले हात मागं घ्यायचे राहून गेलेली नेवाशाची ती मुलगी होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी माझी गत, मला वाटलं सगळा बाजार आमच्याकडे बघतोय. कुणी बघत नव्हतं. कासार बांगड्या पुसत होता. आणि खरं लिहिलं होतं! त्या म्हाताऱ्यानं खरंच तिचं नाव लिहिलं होतं, काजळीखाली ते सव्वा वर्ष जसंच्या तसं होतं. मला त्या म्हाताऱ्याचे पाय धरावेसे वाटले.

"हिची," मी म्हणालो. "हिचं माहेरचं नाव आहे ते. मी कोरून आणलं."

चाँदभाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं, मग भाता जोरात ओढला आणि म्हणाले, मग ही आधी करतो, आणि कथील जरा सढळ हातानं लावतो. आईंना सांगू नका. त्यांनी पळी निखाऱ्यांवर धरली, नवसागराची चिमूट टाकली, पांढरा धूर निघाला. आम्हाला म्हणाले, बाकीच्या भांड्यांना तास लागेल, तोवर बाजार करून या. आम्हाला काही घ्यायचं नव्हतं. तरी आम्ही निघालो. मी सवयीनं दहा पावलं पुढं गेलो, आणि थांबलो, आणि वळण नव्हतं. तीही थांबली. मी उभाच राहिलो. ती हळूहळू आली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मग आम्ही दोघं एका रांगेत चालायला लागलो. माझ्या वर्गातल्या एका पोराचा बाप समोरून आला, त्यानं नमस्कारासाठी हात वर नेला आणि आम्हाला बघून तो तिथंच विसरला.

मिरच्यांच्या ढिगांपाशी आल्यावर ती म्हणाली, "ते शहर कसं होतं?" आणि मी सुटलो. मी तिला म्हटलं, हे मिरच्यांचे ढीग आहेत ना, त्यांच्या जागी तिकडं जिऱ्याची पोती. हा गूळवाला बसलाय, इथं खजूरवाला, असाच माशा हाकलत. साळ्यांच्या लुगड्यांच्या दुकानाशी गालिचे, आणि गालिचेवाला गिऱ्हाइकाला आधी चहा पाजतो. ती विचारायची, आणि मशीद? मी नदीकडं हात करून म्हणे, त्या तिथं, आपल्या घाटाएवढ्या तिच्या पायऱ्या. प्रवरा तेव्हा हिवाळ्यातली, गुडघाभर, पण मी तिची नाईल केली आणि तिनं ती मानली. कानिफनाथची म्हैस सांगितली. पिरॅमिडात पाणी कुठं अडवलंय ते सांगितलं, तेव्हा ती इतकी हसली की तिला उभं राहावं लागलं. पदर तोंडाशी नेला, पण हसू त्यावरून बाहेर आलं. संगमनेरचा बाजार मी लहानपणापासून बघतोय. आज आम्ही तो परदेशातून आलेल्या दोन माणसांसारखा बघितला, पेरू घेतले, ते चालता चालता खाल्ले. मी मास्तर, रस्त्यात पेरू खात होतो. मला इतका आनंद झाला होता की बी दातात अडकलं तेही बरं वाटलं.

घाटाच्या वरच्या पायरीवर ती थांबली. "मग त्याला नाव सांगितलंत कसं?" तिनं विचारलं. "माझ्यासमोर तर घसा खाकरता."

मी उखाणा घेतला होता असं सांगितलं. कुठला, म्हणाली. मी इकडं तिकडं बघितलं. खाली दोन बायका धुणं धूत होत्या, पलीकडे एक बैल. मी म्हटला. या वेळी डोळे उघडे ठेवून. नाव आलं तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती, पाण्याकडे बघत होती. मग तिनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही माझ्यासाठी काहीच आणलं नाहीत." मी म्हटलं, माहीत आहे. ती म्हणाली, मग सांगायचं नाही? मी म्हटलं, भीती वाटली. कसली, म्हणाली. ते मलाही नीट सांगता येईना. माझ्याच हातानं पुसलेलं नाव माझ्याच हातानं परत आणलं, तर त्याचा अधिकार मला आहे का, असं काहीतरी होतं. मी ते अर्धंमुर्धं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते आता मी बघते." मग उरलेला पेरू मला दिला.

घरी आलो तेव्हा दिवेलागणीला अवकाश होता. आई ओटीवरच होती, मुलगी मांडीवर झोपलेली. आईनं एकेक भांडं उजेडात धरून बघितलं, कथील कमी लावलं म्हणून चाँदभाईंच्या नावानं बोटं मोडली आणि विचारलं, मिसरी पळी कुठं आहे, फोडणीचं बघायचंय. मी घसा खाकरणार होतो. पळी हिच्या हातात होती, पदराआड. ती चुलीकडे गेली नाही. माजघराच्या कोनाड्यात तिचा कुंकवाचा करंडा असतो, त्याच्या शेजारी तिनं ती ठेवली, नाव बाहेरच्या बाजूला करून. तांबं नव्या नाण्यासारखं लखलखत होतं. आईनं ओटीवरून मान लांब करून बघितलं. म्हणाली, तिच्यावर ती काय गिचमिड आहे, आणि तिथं का ठेवलीस?

ही कोनाड्यापाशी सरळ उभी राहिली. हात पाठीमागं गेले नाहीत. आमच्या लग्नात तिनं माझं नाव इतक्या हळू घेतलं होतं की आत्यांनी तीनदा घ्यायला लावलं होतं. आता तिनं ते ओटीपर्यंत ऐकू जाईल असं घेतलं.

"नाईलच्या काठी खजुरांची दाटी, नृसिंहरावांनी आणली बकुळेसाठी."

मुलगी झोपेत हुंकारली. आईनं माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं, मग ठरवून वर बघितलं. आईचं तोंड रागावलेलं नव्हतं. तिला काहीतरी आठवत होतं आणि ते नीट हाती लागत नव्हतं, असं ते दिसत होतं. तिनं मांडीवरच्या मुलीचं दुपटं उगीचच सारखं केलं. "बरं," शेवटी म्हणाली. "मग माळ्यावरची लोखंडी पळी काढ रे. फोडणी काय राहणार आहे?"

मी शिडी लावून माळ्यावर चढलो. जुनी पळी ताकाच्या रवीमागं पडली होती, कोळिष्टकं झटकत होतो. खाली आईनं हिला कोनाड्यातली पळी आणायला सांगितली. बांगड्या वाजल्या, पळी आईच्या हातात गेली असावी. नखानं तांब्यावर ओरखडल्यासारखा बारीक आवाज आला, ती एकेक अक्षर चाचपत होती.

"काय गं," आई हळूच म्हणाली, "ठकू कसं लिहीत असतील या अक्षरांत?"

"ठकू कोण?" बकुळेनं विचारलं.

आई म्हणाली, "मी."